लोहचुंबक, तार आणि हौशी जिज्ञासू

इसवी सन १८३१ हे वर्ष मराठी भाषेच्या इतिहासात मोल्सवर्थच्या कोशाचे वर्ष म्हणून ओळखले जाते. मोल्सवर्थ आणि त्यांचे सहकारी कँडी बंधू यांनी सिद्ध केलेला मराठी-इंग्रजी कोश त्या वर्षी मुंबईस छापून निघाला, आणि मराठी शब्दांचा एवढा मोठा संग्रह प्रथमच एका ठिकाणी पाहावयास मिळाला. त्याच वर्षी, ऑगस्ट महिन्याच्या २९ तारखेस, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे याने मऊ लोखंडाच्या एका कड्यावर तांब्याच्या तारेची दोन स्वतंत्र वेटोळी गुंडाळली, एका वेटोळ्यास विद्युत् घट जोडला, आणि दुसऱ्यास जोडलेली सुई हलते की नाही ते पाहिले. सुई हलली, पण घट जोडण्याच्या क्षणी आणि तो तोडण्याच्या क्षणी तेवढी हलली. मधल्या काळात, प्रवाह अखंड वाहत असता, ती स्वस्थ होती. आज घराघरांतून जी वीज वापरली जाते तिचा फार मोठा भाग या क्षणभर हललेल्या सुईपासून निघाला आहे.

या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही, हे आम्ही जाणतो. तथापि बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात मराठी माध्यमाच्या शाळेत आयुष्य घालविणाऱ्या आमच्यासारख्या शिक्षकास त्या एकाच वर्षात दिसाव्यात याला थोडा अर्थ आहे. फॅरडेच्या प्रयोगाविषयीचे प्रश्न आमचे विद्यार्थी विचारतात ते मराठीत विचारतात. त्या मराठीत ते प्रश्न मांडण्याची शक्ती कशी आली, कोठे आली आणि कोठे अडली, याचा थोडासा इतिहास येथे सांगावयाचा आहे. विद्युच्चुंबकाचे शास्त्र हे प्रथमपासून हौशी माणसांच्या प्रश्नांवर वाढलेले शास्त्र आहे. हौशी माणूस परभाषेत फारसे प्रश्न विचारीत नाही. म्हणून हा विषय जितका विज्ञानाचा तितकाच भाषेचाही आहे, असे आम्हांस वाटते.

लोहचुंबकाची ओळख आपल्याकडे जुनी आहे. संस्कृतात त्यास अयस्कांत म्हणत, म्हणजे लोखंडाचा प्रियकर. चुंबक या शब्दातही तीच शृंगारिक कल्पना आहे. पण आपल्या शास्त्रकारांनी त्याचा उपयोग केला तो तत्त्वज्ञानाच्या चर्चेत. सांख्यांचा पुरुष स्वतः काही न करता प्रकृतीस कसा प्रवृत्त करतो, हे समजावण्यासाठी अयस्कांताचा दृष्टान्त देत, आणि ब्रह्मसूत्रांच्या शांकरभाष्यात त्याच दृष्टान्ताचे खंडन केलेले आढळते. दृष्टान्ताचे मर्म असे की, चुंबक स्वतः हलत नाही, पण लोखंडास हलवितो. निरीक्षण अचूक आहे. फॅरडेने मात्र नेमका याच्या उलट बाजूचा प्रश्न विचारला. स्थिर चुंबक लोखंडास ओढतो हे खरे. मग स्थिर चुंबक तारेत वीज का उत्पन्न करीत नाही? याचे उत्तर मिळण्यास त्याला बरीच वर्षे लागली, आणि ते उत्तर असे की चुंबक हलला पाहिजे, किंवा तार हलली पाहिजे, किंवा चुंबकाचे बळ कमीजास्त झाले पाहिजे. स्वस्थ चुंबकापासून विजेचा थेंबही मिळत नाही. १७ ऑक्टोबर १८३१ रोजी त्याने दांडीसारखा चुंबक वेटोळ्याच्या पोकळीत झटकन सरकविला आणि सुई हलली. पुढे २८ तारखेस मोठ्या चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून अखंड प्रवाह मिळविला. पहिले विद्युत् जनित्र ते हेच.

वीज या शब्दाचीही एक गंमत आहे. आकाशातली वीज आणि तारेतली वीज एकच, हे सिद्ध करण्यासाठी पाश्चात्त्यांस १७५२ सालच्या प्रयोगांपर्यंत थांबावे लागले. आपल्याकडे तारेतली वीज आली तेव्हा तिला वेगळे नावच मिळाले नाही. आकाशातल्या विजेचेच नाव तिला चिकटले. त्यामुळे मराठी मुलाला हे ऐक्य शिकवावे लागत नाही, ते त्याच्या जिभेवरच असते. घरात दिवे मालवले की आमच्या भागात ‘लाईट गेली’ किंवा ‘करंट गेला’ म्हणतात, ही गोष्ट निराळी.

आता त्या हौशी माणसांकडे वळू. कोपेनहेगनचा अध्यापक ओर्स्टेड याने १८२० साली, वर्गापुढे व्याख्यान चालू असता, प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळची होकायंत्राची सुई वळते असे पाहिले आणि जुलैमध्ये चार पानांचे एक लॅटिन पत्रक छापून ते युरोपभर धाडले. तेथून पुढे मात्र या शास्त्रात ज्यांनी भर घातली त्यांत पदवीधर पंडितांपेक्षा कारागीर, शाळामास्तर आणि शिकाऊ उमेदवार यांचे प्रमाण डोळ्यांत भरण्याजोगे आहे. विल्यम स्टर्जन हा मोच्याकडे उमेदवारी केलेला आणि नंतर तोफखान्यात शिपाईगिरी केलेला मनुष्य. त्याने १८२५ साली घोड्याच्या नालाच्या आकाराची लोखंडी कांब रोगणाने रंगवून तिच्यावर उघड्या तारेचे अठरा वेढे दिले, आणि अवघ्या सात औंसांच्या त्या कांबीने नऊ पौंड वजन उचलून दाखविले. प्रवाह थांबविला की वजन खाली. लोखंडास हवे तेव्हा चुंबक करावे आणि हवे तेव्हा सोडून द्यावे, ही किल्ली त्या दिवशी माणसाच्या हाती आली.

शिक्षकवर्गास अभिमान वाटावा असे नाव मात्र जोसेफ हेन्री याचे आहे. अमेरिकेतील ऑल्बनी गावच्या शाळेत तो गणित शिकवीत असे. दिवसाचे सात-सात तास शिकवण्यात जात. प्रयोगाला जागा म्हणावी तर शाळेतील एक दालन, आणि तेही केवळ ऑगस्टच्या सुट्टीत मोकळे मिळे. स्टर्जनने कांबीस रोगण लावले होते. हेन्रीने तारेलाच रेशीम गुंडाळले. एवढ्या एका युक्तीने वेढ्याला वेढा चिकटवून, थरावर थर चढवून, शेकडो वेढे देता येऊ लागले. १८३१ साली त्याच्या एका चुंबकाने ७५० पौंड वजन उचलले. त्याच वर्षी त्याने दालनाच्या भिंतींवरून मैलाहून अधिक लांब तार फिरवून तिच्या एका टोकास घट आणि दुसऱ्या टोकास चुंबक ठेवला. घट जोडताच चुंबकाने एक कांडी फिरवून घंटेवर टोला दिला. दारावरची विजेची घंटा आणि तारायंत्र या दोहोंचे बीज त्या शाळेच्या दालनात आहे. मागेपुढे झुलणारे एक लहानसे विद्युत् यंत्रही त्याने केले, आणि स्वतःच त्यास तात्त्विक खेळणे असे म्हटले. ते खेळणे म्हणजे आजच्या मोटरीचे पूर्वरूप होय.

हेन्रीने या प्रयोगांतून जो भेद काढला तो आजही आमच्या विद्यार्थ्यांस उपयोगी पडतो. खिळ्यावर तार गुंडाळून चुंबक करणारा प्रत्येक मुलगा विचारतो की, अधिक वेढे दिले तर चुंबक अधिक जोरदार होईल ना? दर वेळी होईलच असे नाही. वेढे वाढले की चुंबकाचे बळ वाढते, पण तार लांबली की तिचा विरोधही वाढतो आणि प्रवाह कमी होतो. एकच घट असेल तर थोड्या थोड्या लांबीची अनेक वेटोळी शेजारी शेजारी जोडावीत. अनेक घटांची माळ असेल तर एकच लांब वेटोळे घ्यावे. हे हेन्रीने १८३१ मध्येच सांगून ठेवले आहे.

फॅरडेची कथा पुष्कळांस ठाऊक आहे, म्हणून तिच्यातील एकच धागा आम्ही येथे घेतो. तो लोहाराचा मुलगा. चौदाव्या वर्षी एका पुस्तकविक्रेत्याकडे बांधणीचे काम शिकण्यास राहिला आणि जी पुस्तके बांधावयास येत ती वाचू लागला. विश्वकोशातील विद्युतेवरचा लेख त्याने असाच वाचला. आणि दुसरे पुस्तक वाचले ते जेन मार्सेट या बाईंचे रसायनावरील संभाषणांचे. १८०६ च्या सुमारास निनावी निघालेल्या या पुस्तकात एक शिक्षिका आणि दोन मुली यांचा संवाद आहे; मुली शंका काढतात आणि शिक्षिका प्रयोगाने उत्तर देते. त्या पुस्तकाने आपल्याला या शास्त्राचा पाया दिला, असे फॅरडेने पुढे जगद्विख्यात झाल्यावरही कृतज्ञतेने सांगितले आहे. उमेदवारीच्या अखेरीस त्याने अर्ध्या पेन्सची सात नाणी, जस्ताच्या सात चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजविलेले कागद यांचा थर रचून आपला पहिला विद्युत् घट केला. खिशातील नाणी खर्चून केलेला हा प्रयोग हौशीपणाचा अस्सल नमुना होय.

आता मराठीतील आश्चर्य पाहा. मार्सेटबाईंचे हेच पुस्तक हरि केशवजी यांनी मराठीत आणले, ते १८३७ साली. म्हणजे ज्या ग्रंथाने फॅरडे घडला तो ग्रंथ त्याच्या शोधानंतर सहा वर्षांच्या आत मराठी वाचकाच्या हाती आला होता. त्या वेळी मराठी गद्याचे वय ते काय! ‘दर्पण’ निघून पाच वर्षे झाली होती. ‘दिग्दर्शन’ हे बाळशास्त्री जांभेकरांचे मासिक निघावयास अजून तीन वर्षे अवकाश होता. त्या ‘दिग्दर्शना’तही पुढे सृष्टिशास्त्रावरील निबंध आले. बाळशास्त्री स्वतः गणित आणि ज्योतिष शिकविणारे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या पुस्तकांचा उल्लेख ‘भाषांतरयुग’ या एका शब्दात उरकतात, याचा आम्हांस नेहमी विषाद वाटतो. प्रश्नोत्तराच्या रूपाने शास्त्र सांगणारे पुस्तक भाषांतरासाठी निवडणे, यात मोठे शहाणपण होते. शंका विचारणारी मुलगी हे त्या ग्रंथाचे खरे प्रमुख पात्र आहे, आणि तिच्या तोंडी घालावयाची तर मराठी भाषाच लागते.

हा ओघ पुढे का आटला, याचे कारण मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्याच्या इतिहासात आहे. १८४० नंतरच्या दशकात शिक्षणमंडळात माध्यमाचा वाद जुंपला. उच्च शिक्षण देशी भाषांतून द्यावे, असा कॅप्टन जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट यांचा पक्ष. ते इंग्रजीतूनच द्यावे, असा मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा आग्रह. पेरीसाहेबांचा पक्ष विजयी झाला. त्यानंतर प्राथमिक पाठ मराठीत आणि शास्त्र इंग्रजीत अशी वाटणी पडली. ‘केरळकोकिळ’, ‘विविधज्ञानविस्तार’ यांसारख्या मासिकांनी, केतकरांच्या ज्ञानकोशाने आपल्या ‘विज्ञानेतिहास’ या खंडाने, १९२८ पासून पुण्याच्या ‘सृष्टिज्ञान’ मासिकाने आणि १९६६ पासून मराठी विज्ञान परिषदेने ही वाटणी मोडण्याचा प्रयत्न केला. त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु प्रयोगशाळेची भाषा मराठी झाली नाही ती नाहीच.

मराठी भाषेने विद्युच्चुंबकाला खऱ्या अर्थाने आपलेसे केले ते ग्रंथांतून नव्हे, तर तारेच्या द्वारे. येथेही प्रारंभ एका हौशी माणसापासून आहे. विल्यम ओशॉनेसी हा कंपनी सरकारचा बंगालमधील डॉक्टर. १८३९ साली त्याने कलकत्त्याजवळ वनस्पती-उद्यानात बांबूंवरून तारा ताणून संदेश पाठविण्याचे प्रयोग केले. संदेश घेण्यास पुरेशी उपकरणे नव्हती तेव्हा बोटाला बसणाऱ्या झटक्यांवरून तो ओळखण्याची युक्तीही त्याने करून पाहिली. दहा वर्षे त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. डलहौसीच्या कारकीर्दीत मात्र कलकत्ता ते डायमंड हार्बर ही लाइन १८५१ मध्ये सुरू झाली, आणि १८५५ पर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास ही ठिकाणे तारेने जोडली गेली.

त्या यंत्राला मराठीने काय नाव दिले? पंडितांनी ‘विद्युत्संदेशयंत्र’ वगैरे शब्द सुचविले असतीलही. लोकांनी ‘तार’ म्हटले. वीणेची तार, सोनाराची तार, आणि आता सरकारची तार. तार केली, तार आली, तारमास्तर, तारघर, असा एका शब्दाचा संसार वाढला. ‘तार आली’ या दोन शब्दांनी घरातील बायकांच्या छातीत धस्स होई, कारण सहसा ती मृत्यूचीच वार्ता असे. पुढे बिनतारी आली तीही याच शब्दाच्या पोटातून. १४ जुलै २०१३ रोजी आपल्या देशातील तारसेवा बंद पडली. शब्द मात्र विजेच्या तारेच्या रूपाने आमच्या कारखान्यांतून रोज वावरतो. परिभाषा करणाऱ्यांनी या एका शब्दाच्या चरित्राचा अभ्यास करावा अशी आमची नम्र सूचना आहे.

आता आमच्या जिल्ह्याकडे येऊ. घटप्रभा नदी गोकाकजवळ सुमारे १७० फूट खाली उडी घेते. त्या पाण्याच्या बळावर गिरणी चालवावी, या हेतूने १८८५ साली कंपनी स्थापन झाली आणि १८८७ साली गिरणी सुरू झाली. देशातील जलविद्युतेच्या आद्य स्थळांत गोकाकची गणना होते. दार्जिलिंगचे सिद्रापोंग केंद्र १८९७ चे, कावेरीवरील शिवनसमुद्र १९०२ चे आणि टाटांचे खोपोली १९१५ चे, हे लक्षात घेतले म्हणजे घटप्रभेचे ज्येष्ठत्व ध्यानी येईल. आम्ही दरवर्षी विद्यार्थ्यांस तो धबधबा दाखविण्यास नेतो. झुलत्या पुलावर मुलांची एकच झुंबड उडते. पाणी पडते आणि वीज कशी होते, हा प्रश्न निघाला की तेथेच फॅरडेची तांब्याची तबकडी सांगावी लागते. पाणी वीज ‘आणीत’ नाही. ते केवळ चाक फिरविते, आणि चाक चुंबकाला वेटोळ्यांसमोर फिरविते. ‘पाण्यातून वीज काढून घेतल्यावर ते पाणी पिकाला निकस होते,’ अशी एक समजूत आजही काही खेड्यांतून ऐकू येते. ती दूर करण्यास त्या पुलाइतकी चांगली जागा दुसरी नाही.

याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म झाला. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, रंग ओळखण्यात दृष्टी कमी पडते असे कळल्यावर यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. म्हणजे हेही मुळात मास्तरच. बेळगावात बंधू रामुअण्णांच्या साहाय्याने १८८८ साली त्यांनी सायकलींचे दुकान काढले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले, १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर आला, आणि बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणरावांजवळ यंत्रशास्त्राची पदवी नव्हती. अमेरिकेहून येणारी यंत्रविषयक मासिके वाचणे, यंत्र उघडून पाहणे आणि पुन्हा जुळविणे, एवढेच त्यांचे विद्यापीठ होते. त्यांच्या घराण्यातील पुढच्या पिढीने १९४६ साली बंगळूर येथे विजेच्या मोटरींचा कारखाना काढला, आणि आमच्या भागातील विहिरींवर बसलेल्या मोटरींत त्या नावाच्या मोटरी पुष्कळ असत. १९२० साली निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’ या मासिकाचे आरंभीचे अंक चाळावेत. यंत्र आणि मराठी गद्य यांचा संसार कसा मांडावा याचा तो पहिलाच यशस्वी धडा आहे.

बेळगावातील त्या सायकलींच्या दुकानात डायनामो विकला जात नसावा. तेव्हाचे सायकलचे दिवे तेलावर किंवा कार्बाइडच्या वायूवर चालत. पण पुढे सायकलच्या टायरला घासून फिरणारी ती बाटलीसारखी डबी आली आणि फॅरडेचा प्रयोग खेडोपाडी पोहोचला. डबीत चुंबक फिरतो, भोवती वेटोळे स्थिर असते. पाय जोराने मारले की दिवा लख्ख, चढावर मिणमिणता, आणि थांबले की अंधार. चुंबक हलल्याशिवाय वीज नाही, हे सूत्र शिकविण्यास याहून स्वस्त साधन आम्हांस ठाऊक नाही. डायनामो लावला की पायडल जड होते, हे प्रत्येक मुलास पायांनी कळते. त्याचे कारण १८३४ साली लेन्झ याने सांगितले. उत्पन्न झालेली वीज आपल्याला उत्पन्न करणाऱ्या गतीलाच विरोध करते. वीज फुकट मिळत नाही, ती मांडीच्या श्रमातून येते.

हे सूत्र एवढ्यासाठी सांगितले की, अलीकडे मुलांकडून सर्वांत अधिक येणारा प्रश्न फुकटच्या विजेचाच आहे. चुंबकावर चुंबक रचून आपोआप फिरत राहणारे चाक त्यांनी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहिलेले असते, आणि ते खोटे आहे असे नुसते सांगून त्यांचे समाधान होत नाही. आम्ही त्यांस हातभर लांबीची तांब्याची नळी देतो आणि तीत एक लहान जोरदार चुंबक सोडावयास सांगतो. तांबे चुंबकाला चिकटत नाही. तरी चुंबक नळीतून रेंगाळत, तरंगत असल्यासारखा खाली येतो. तोच लेन्झचा विरोध. ज्या चुंबकाला पडतानासुद्धा एवढे अडवले जाते तो चाक फुकट कसा फिरवील, हा विचार मग ती आपणहून करतात. घरातील २३० व्होल्टच्या विजेशी मात्र कोणी प्रयोग करू नयेत, हे आम्ही दरवेळी बजावतो. हौसेचा घट दीड व्होल्टचाच असावा.

बिनतारीच्या हौसेचाही एक अध्याय आमच्या राज्यात आहे. मैसूरच्या महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे अध्यापक गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरातून एक लहान प्रक्षेपणकेंद्र सुरू केले. विषय मानसशास्त्र, हौस बिनतारीची. त्या केंद्राचे नाव आकाशवाणी. पुढे तोच शब्द साऱ्या देशाच्या नभोवाणीने स्वीकारला, आणि मराठी माणसास तो आपलाच वाटतो. शब्दांना सीमा नसते याचे हे उत्तम उदाहरण. धारवाड केंद्र १९५० साली सुरू झाले आणि सांगलीचे १९६३ साली. बेळगाव-निपाणीकडची मुले पुठ्ठ्याच्या नळीवर तार गुंडाळून, एक स्फटिक किंवा त्याच्या जागी जर्मेनियमचा डायोड लावून, कानात श्रवणयंत्र घालून ही केंद्रे ऐकत. आमच्या लहानपणीही, म्हणजे १९८० नंतरच्या दशकात, हा नाद ओसरला नव्हता. बॅटरी नसताना आवाज कोठून येतो, या कोड्याने आमच्यासारख्या कित्येकांस विज्ञानाची गोडी लागली. उत्तर असे की, दूरच्या प्रक्षेपकाने धाडलेल्या लहरींतच ती शक्ती असते, उंच तार ती टिपते, आणि स्फटिक प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देतो. अशा कामासाठी गॅलेना नावाचा शिशाचा खनिज स्फटिक वापरण्याचे अमेरिकन पेटंट १९०४ साली मिळाले ते जगदीशचंद्र बोस यांना, ही गोष्ट ऐकून मुलांची मान ताठ होते.

आता मूळ मुद्द्याकडे. शालेय पुस्तकातील मराठी आणि कारखान्यातील मराठी या दोन भाषा झाल्या आहेत. पुस्तकात कुंतल, नालकुंतल, विद्युत् जनित्र, दिक्परिवर्तक; बाहेर कॉइल, डायनामो, ब्रश, वाइंडिंग. बेळगावच्या उद्यमबागेत किंवा निपाणीच्या बाजारात जळालेली मोटर भरून देणारा कारागीर वेढे मोजतो, तारेची जाडी बोटांनी ओळखतो, आणि कोणता फेज गेला हे वासावरून सांगतो; पण ‘प्रवर्तन’ म्हणजे काय असे विचारले तर तो हसेल. उलट प्रवर्तनाची व्याख्या घडाघड म्हणणारा आमचा विद्यार्थी शेतावरची मोटर का जळाली हे सांगू शकत नाही. तीनपैकी एक फेज गेला तरी मोटर काही वेळ घरघरत राहते, उरलेल्या वेटोळ्यांतून बेसुमार प्रवाह वाहतो आणि रोगण जळते, हे त्या कारागिराने सांगितले तर ते विद्युच्चुंबकाचेच शिक्षण होय. ऊस आणि तंबाखूच्या या मुलुखात दर उन्हाळ्यात हा प्रसंग घरोघर येतो.

सीमाभागात याला तिसरा पदर आहे. कन्नड पुस्तकात चुंबकाला अयस्कांत म्हणतात आणि विद्युच्चुंबकाला विद्युत्कांत. म्हणजे शांकरभाष्यातला जुना शब्द कन्नडने जिवंत ठेवला आणि मराठीने त्याचा भाऊ उचलला. आमच्या शाळेच्या पलीकडे कन्नड शाळा आहे. तेथील मुलगा आणि आमचा मुलगा मधल्या सुट्टीत मैदानावर खिळ्याचा चुंबक करतात तेव्हा एक कांत म्हणतो, दुसरा चुंबक म्हणतो, आणि दोघेही तारेला कॉइल म्हणतात. त्यांचे काही अडत नाही. अडते ते परीक्षेत, आणि अडते ते दहावीनंतर, जेव्हा दोघांसही सर्व काही इंग्रजीतून पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते. त्या भीतीने पालक आता पहिलीपासूनच मुलास इंग्रजी शाळेत घालतात, आणि आमच्या वर्गांतील बाके रिकामी होत जातात. यावर राजकीय वाद पुष्कळ झाले आहेत आणि होतील. त्यांत शिरण्याचे हे स्थळ नव्हे. आमचे म्हणणे एवढेच की, इंग्रजी शाळेत गेलेला तो मुलगा प्रश्न विचारावयाचे थांबतो. उत्तरे त्याला येतात. प्रश्न इंग्रजीत सुचत नाही.

गेल्या वर्षी आठवीतील एका मुलीने विचारले की, घरच्या इंडक्शन शेगडीवर आईची अॅल्युमिनियमची कढई तापत नाही आणि लोखंडी तवा तापतो, असे का? शेगडीच्या काचेखाली तारेचे चपटे वेटोळे असते, त्यातला प्रवाह सेकंदाला हजारो वेळा दिशा पालटतो, आणि लोखंडी तव्याच्या पृष्ठभागाशी भोवऱ्यासारखे प्रवाह उत्पन्न होऊन तवाच तापतो. अॅल्युमिनियममध्ये प्रवाहाला विरोध फारच थोडा, म्हणून ती शेगडी त्याला तापवू शकत नाही. हे आम्ही सांगितले. तिचा पुढचा प्रश्न होता, ‘मग सर, हे प्रवाह तव्याला कोण देतं? तार तर लावलेलीच नाही.’ १८३१ साली त्या लोखंडी कड्यापुढे बसून फॅरडेने हेच विचारले होते. त्याच्याही दुसऱ्या वेटोळ्यास घट लावलेला नव्हता.

अशा प्रश्नांचा आणि कारागिरांच्या शब्दांचा संग्रह करावा, अशी आमची अकादमीस विनंती आहे. बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर येथील मोटर भरणारे, रेडिओ दुरुस्त करणारे, वायरमन आणि सायकलवाले यांच्या तोंडचे शब्द टिपून घ्यावेत. प्रत्येक शब्दापुढे पुस्तकातील पर्याय आणि शेजारचा कन्नड पर्याय द्यावा. मोल्सवर्थनेही आपला कोश लोकांच्या तोंडून ऐकूनच जमविला होता. हे काम करण्यास शास्त्रज्ञ लागत नाहीत. शाळाशाळांतून दोन-दोन शिक्षक आणि सुट्टीतले चार विद्यार्थी पुरेत. आमच्या शाळेने येत्या दिवाळीच्या सुट्टीत आरंभ करावयाचे ठरविले आहे, आणि पहिली वही निपाणीच्या एका मोटर भरणाऱ्या कारागिराकडे ठेविली आहे. त्याने आतापर्यंत एकशे चाळीस शब्द लिहून दिले आहेत.